सुनावणी राज्यमंत्र्यांकडे लागलीय, त्यांना नेमके अधिकार असतात तरी किती?

चारकोप_सचिव

मंडळी नमस्कार, डोक्याचा भुगा झालाय म्हणून विचारतोय. पक्षाचं राजकारण नको, आधीच हात जोडतो.

आमची चारकोपला छोटीशी सोसायटी आहे, मी मानद सचिव (मानद म्हणजे फुकट, शिव्या मात्र भरपूर). एका फ्लॅटच्या सभासदत्वावरून दोन भावांमध्ये वाद आहे, वडील गेले, नॉमिनेशन एकाचं, राहतोय दुसरा, नेहमीचंच. उपनिबंधकांनी आदेश दिला, त्यावर सहनिबंधकांकडे अपील झालं, तिथेही तोच निकाल राहिला. आता ज्याच्या विरोधात गेलाय त्याने सहकार कायद्याच्या कलम १५४ खाली शासनाकडे रिव्हिजन (म्हणजे खालचा आदेश पुन्हा तपासा असा अर्ज) टाकलंय, आणि नोटीस आलीय की मंत्रालयात राज्यमंत्री (सहकार) यांच्या दालनात सुनावणी आहे.

तर कमिटीत दोन गट पडलेत. खजिनदार म्हणतात राज्यमंत्री म्हणजे ज्युनियर, त्यांच्या निकालाला काय किंमत, आपण सरळ अर्ज करू की कॅबिनेट मंत्र्यांनी स्वतः ऐकावं, नाहीतर मुख्यमंत्र्यांनाच निवेदन देऊ, त्यांच्या ओळखीचं कोणीतरी आहे म्हणे. अध्यक्ष म्हणतात गप्प बसा, जे आहे तिथे जाऊ. आणि एक जण म्हणतो राज्यमंत्री नुसता फीत कापायला असतो, सही मंत्रीच करतो.

मला साधं विचारायचंय, राज्यमंत्र्याचं काम नक्की काय असतं? त्यांनी दिलेला निकाल मंत्री बदलू शकतात का? आणि हे कुठे लिहिलेलं असतं, म्हणजे कमिटीच्या तोंडावर मारता येईल असं काहीतरी?

लोकल_पंडित

खजिनदारांना महामंडळाचं अध्यक्षपद देऊन टाका, राज्यमंत्र्याचा दर्जा मिळेल, मग कळेल किती किंमत असते ते 😄

जोक अपार्ट, लोकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. एखाद्या महामंडळाच्या अध्यक्षाला 'राज्यमंत्र्याचा दर्जा' देतात ना, तो माणूस मंत्री नसतो. शपथ नाही, खातं नाही, सभागृहात उत्तर देणं नाही. गाडी, बंगला, भत्ता, पाटी एवढंच. खरा राज्यमंत्री शपथ घेतलेला मंत्री असतो, मंत्रिपरिषदेचा सदस्य. आपल्याकडे दोघांच्याही गाडीपुढे तेवढेच कार्यकर्ते पळतात म्हणून फरक दिसत नाही.

आत्ता महाराष्ट्रात सहा राज्यमंत्री आहेत बहुतेक. १५ डिसेंबर २०२४ ला नागपूरला राजभवनात विस्तार झाला तेव्हा ३९ जणांनी शपथ घेतली, त्यात ३३ कॅबिनेट आणि ६ राज्यमंत्री. माधुरी मिसाळ, आशिष जयस्वाल, पंकज भोयर, मेघना बोर्डीकर, इंद्रनील नाईक, योगेश कदम. सहकारचं राज्यमंत्रीपद तेव्हा भोयरांकडे आलं, त्यांच्याकडे गृह ग्रामीण, गृहनिर्माण, शालेय शिक्षण, खनिकर्म पण. एका माणसाकडे इतकी खाती बघून काम फार असेल असं वाटतं, पण उलट आहे. खाती जास्त म्हणजे प्रत्येक खात्यात दुसऱ्या नंबरवर.

एमपीएससी_दादर

माझ्या नोट्समधून टाकतो, कोणी चूक काढलीत तर बरंच होईल, परीक्षा जवळ आलीय.

राज्याच्या मंत्र्यांचं कलम १६४. त्यात मुख्यमंत्री आणि 'इतर मंत्री' एवढंच आहे, कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री अशी उतरंड कुठेच नाही. 'कॅबिनेट' हा प्रकार संविधानात आला तो १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर, तेही कलम ३५२ मध्ये, आणीबाणीचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने लेखी कळवायचा वगैरे त्या संदर्भात. म्हणजे राज्यापुरतं बोलायचं तर संविधानाच्या नजरेत राज्यमंत्री हा मंत्रीच.

मग ९१ वी घटनादुरुस्ती, २००३. मंत्र्यांची एकूण संख्या, मुख्यमंत्री धरून, विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि किमान १२. आपल्या २८८ चे १५ टक्के ४३.२ म्हणजे ४३. लोकसभेच्या ५४३ चे ८१. गोव्यात आमदार ४०, टक्केवारीने ६ च होतात पण किमान बाराची सोय आहे म्हणून तिथे १२ चालतात. यात राज्यमंत्री पण मोजले जातात, पण ते दर्जावाले नाही मोजले जात. त्याआधी मर्यादाच नव्हती, उत्तर प्रदेशात १९९७ ला कल्याणसिंहांचं ९३ मंत्र्यांचं मंत्रिमंडळ होतं!

संसदीय सचिव नेमून मागच्या दाराने माणसं बसवायचा प्रकार आसामने केला होता, त्यासाठी कायदाच केला होता, तो सुप्रीम कोर्टाने २०१७ ला रद्द केला.

प्रश्न माझा पण आहे, उतरंड संविधानात नाही तर मग येते कुठून?

निवृत्त_कक्षअधिकारी

चारकोपकर, नोकरीची बरीच वर्षं मंत्रालयात फायली हलवण्यात गेली म्हणून थोडं सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा. आणि दादरच्या बाळा, तुझं उत्तर पण यातच येईल.

उतरंड येते कलम १६६(३) मधून. तिथे राज्यपालांना नियम करायला सांगितलंय, की सरकारचं काम सोयीने चालावं आणि मंत्र्यांमध्ये वाटलं जावं. त्यातून महाराष्ट्र शासन कार्यनियमावली तयार झाली. शिवाय मुख्यमंत्री खातेवाटप करतात ते वेगळं, डिसेंबर २०२४ मध्ये शपथविधीनंतर जवळपास आठवडाभराने ते झालं होतं, २१ तारखेला. पण खातेवाटपाने राज्यमंत्र्याला खात्याचं नाव मिळतं, काम मिळत नाही. काम मिळतं त्यानंतरच्या एका कागदाने, आणि तो कागद पेपरात छापून येत नाही म्हणून लोकांना माहीतच नसतो.

तो कागद म्हणजे कामवाटपाचा आदेश. खात्याचे प्रभारी मंत्री ठरवतात की आपल्या राज्यमंत्र्यांना कुठले विषय द्यायचे. साधारण तीन तऱ्हा होतात. काही विषयांत राज्यमंत्र्यांचा निर्णय अंतिम, फाईल तिथूनच खाली उतरते. काही विषयांत फाईल राज्यमंत्र्यांमार्फत मंत्र्यांकडे जाते, म्हणजे राज्यमंत्री आपलं मत लिहितात, अंतिम शेरा मंत्र्यांचा. आणि बाकीचं सगळं सचिवांकडून थेट मंत्र्यांकडे, राज्यमंत्र्यांना त्या फायलीचा वासही येत नाही. एखाद्या राज्यमंत्र्याचं वजन किती हे बघायचं असेल तर गाड्या मोजू नका, या तीनपैकी पहिल्या प्रकारात किती विषय आहेत ते बघा. कधीकधी हा आदेश निघायलाच महिनोन्‌महिने लागतात. तोवर राज्यमंत्री दालनात बसून निवेदनं घेतात, त्यावर 'तपासून सादर करा', 'नियमानुसार कार्यवाही करावी' असे शेरे मारतात आणि अधिकारी ते कागद सांभाळून ठेवतात. आता ई-ऑफिस आलंय, नस्तीचा प्रवास स्क्रीनवर दिसतो, पण कोणाच्या लॉगिनला जायची आणि कोणाच्या नाही हे त्याच आदेशावर ठरतं.

फाईल खालून कशी चढते तेही बघा, म्हणजे खजिनदारांचा 'ज्युनियर' हा मुद्दा किती पोकळ आहे कळेल. सहायक कक्ष अधिकारी टिपणी मांडतो, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव किंवा सहसचिव, मग सचिव किंवा प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव जो असेल तो. त्याच्यावर राज्यमंत्री. म्हणजे तीस-तीस वर्षं नोकरी केलेला आयएएस जे लिहितो त्याच्यावर राज्यमंत्री शेरा लिहू शकतो, अर्थात तो विषय त्याच्याकडे दिलेला असेल तर. नसेल तर सचिव अतिशय नम्रपणे 'सर, मंत्रिमहोदयांशी बोलून घेतो' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

मलईदार काम म्हणजे बदल्या, ते फारसं खाली येत नाही. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सक्षम प्राधिकारी कोण ते लिहिलेलंच आहे. वरच्या गट अ साठी मुख्यमंत्री, गट ब साठी प्रभारी मंत्री सचिवांशी बोलून, गट क म्हणजे विभागप्रमुख. राज्यमंत्री हा शब्द तिथे शोधून सापडायचा नाही. म्हणून मे महिन्यात मंत्र्यांच्या दालनाबाहेर पाय ठेवायला जागा नसते आणि राज्यमंत्र्यांचा शिपाई निवांत पेपर वाचत असतो.

मग राज्यमंत्र्यांकडे काय येतं, तर बऱ्याचदा सुनावण्या. महसूल, सहकार, गृह, नगरविकास, या खात्यांत अपिलं आणि रिव्हिजनं ढिगाने येतात, मंत्र्याला एवढा वेळ नसतो, म्हणून काही प्रकार, काही विभागांची प्रकरणं राज्यमंत्र्यांना वाटून देतात. तुमचं प्रकरण असंच तिकडे गेलं असणार. त्यात कमीपणा काही नाही, उलट राज्यमंत्र्याच्या कामातलं सगळ्यात घट्ट, कायद्याने बांधलेलं काम तेच आहे.

आणि हो, मंत्रिमंडळाच्या बैठकीत राज्यमंत्री बसत नाहीत. त्यांच्या खात्याच्या एखाद्या विषयासाठी बोलावलं तर तेवढ्यापुरते जातात. पण सरकार पडलं की बैठकीत बसणारे आणि न बसणारे सगळे एकत्रच घरी, कारण विधानसभेला सामूहिक जबाबदार सगळी मंत्रिपरिषद असते.

परळचा_पक्या

काका लय भारी 🙏 सेव्ह केलं.

म्हणजे थोडक्यात मोठ्या जावेने चाव्या दिल्या तर धाकटी स्वयंपाकघराची मालकीण नाहीतर नुसती भांडी घासा.

लोकल_पंडित

पक्या 😂 पण जावांच्या भांडणाचं ताजं उदाहरण आहेच की. जुलै २०२५, सामाजिक न्याय खातं. मंत्री संजय शिरसाट शिवसेनेचे, राज्यमंत्री माधुरी मिसाळ भाजपच्या. मिसाळांनी खात्याची आढावा बैठक घेतली, शिरसाटांनी पत्र पाठवलं की माझ्याकडच्या विषयांवर बैठका घ्यायच्या तर मला आधी कळवा, माझ्या अध्यक्षतेखाली घ्या. मिसाळांनी उलट पत्र पाठवलं की राज्यमंत्री म्हणून बैठक घ्यायचा मला अधिकार आहे, त्यासाठी परवानगी लागत नाही, मी कुठलेही निर्णय दिलेले नाहीत. दोन्ही पत्रं चॅनलवाल्यांकडे, दोन दिवस तेच.

माझं मत विचाराल तर मिसाळांचं बरोबर होतं. आढावा घेणं आणि आदेश देणं यात फरक आहे. राज्यमंत्र्याने अधिकाऱ्यांना बोलावून 'योजना कुठवर आली' एवढंही विचारायचं नसेल तर मग विधान परिषदेत त्याच योजनेवर उभं राहून उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं?

निवृत्त_कक्षअधिकारी

पंडितजी, अर्धंच मान्य. बैठक झाली की इतिवृत्त निघतं, आणि इतिवृत्तात 'राज्यमंत्री महोदयांनी निर्देश दिले की' हे वाक्य येतंच, लिहिणाऱ्याच्या हाताला सवयच असते. मग तो कागद जिल्ह्यात पोचतो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याला तो आदेशच वाटतो. आठवड्याने मंत्र्यांच्या बैठकीचं वेगळं इतिवृत्त. तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्याने कुठलं पाळायचं? मंत्री रागावतात त्यात मानपान असतो हे खरं, पण नुसता मानपान नसतो.

पूर्वी दोघं एकाच पक्षाचे असायचे तेव्हा पण हे चालायचंच, फक्त पत्रं बाहेर येत नसत. आघाड्यांच्या काळात राज्यमंत्री मुद्दाम दुसऱ्या पक्षाचा ठेवतात, म्हणजे खात्यावर एक डोळा. मग मंत्री चाव्या कशाला देईल.

परळचा_पक्या

बघा शेवटी चाव्याच आल्या

वकीलताई_फोर्ट

चारकोप_सचिव, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण बाकीच्यांचं छान चाललंय पण तुमची तारीख जवळ येतेय.

एक, कलम १५४ खालचा अधिकार 'राज्य शासनाचा' आहे. मंत्री किंवा राज्यमंत्री तो शासनाच्या वतीने वापरतात. प्रकरण राज्यमंत्र्यांकडे रीतसर वाटून दिलेलं असेल तर त्यांचा आदेश हा शासनाचाच आदेश. त्यावर कॅबिनेट मंत्र्यांकडे अपील अशी पायरी कायद्यात नाही. पुढची पायरी म्हणजे हायकोर्टात रिट, अनुच्छेद २२६-२२७. तेव्हा 'इथे हरलो तर मंत्र्यांकडे बघू' असं समजून अर्धवट तयारीने जाऊ नका, जे काही कागद आहेत ते याच टप्प्यावर रेकॉर्डवर घ्या. हायकोर्ट नवीन कागद सहसा बघत नाही, खालचा आदेश कसा झाला ते बघतं.

दोन, मुख्यमंत्र्यांना निवेदन. खजिनदारांना प्रेमाने सांगा की चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचं प्रकरण शोधून वाचा. बँकेच्या नोकरभरतीवरची स्थगिती तेव्हाचे सहकारमंत्री अतुल सावे यांनी उठवली होती, त्यावर मुख्यमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्थगिती दिली. नागपूर खंडपीठाने मार्च २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांचा तो आदेश रद्द केला. कोर्ट म्हणालं की कार्यनियमावलीप्रमाणे जो विषय ज्या मंत्र्याकडे दिलाय त्याच्या निर्णयात ढवळाढवळ करायचा किंवा त्याचा फेरविचार करायचा स्वतंत्र अधिकार मुख्यमंत्र्यांना दिलेला नाही. एवढ्या मोठ्या खुर्चीची ही गत, तर ओळखीच्या माणसाच्या निवेदनाने चाललेली सुनावणी फिरेल आणि फिरली तरी कोर्टात टिकेल असं समजू नका.

तीन, हा खरा महत्त्वाचा. ज्याने ऐकलं त्यानेच निर्णय द्यायचा. १९५९ चा सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे, गुल्लापल्ली नागेश्वर राव, आंध्रातला. बस मार्गांच्या राष्ट्रीयीकरणावरच्या हरकती सचिवांनी ऐकल्या आणि आदेश मुख्यमंत्र्यांनी काढला, कोर्टाने सांगितलं की असं ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा ही सुनावणीच नव्हे. त्यामुळे मंत्रालयात जाल तेव्हा बघा की प्रत्यक्ष राज्यमंत्री ऐकतायत की खाजगी सचिव किंवा ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) 'द्या कागद, साहेब बघतील' म्हणतायत. दुसरं झालं तर तिथल्या तिथे लेखी नोंद द्या की प्रत्यक्ष सुनावणी मिळावी. भांडू नका, फक्त कागद द्या आणि पोच घ्या. तसंच मध्येच खातेबदल झाला आणि नवीन व्यक्ती आली तर पुन्हा ऐकून घ्या अशी विनंती करायची, जुन्या सुनावणीवर नव्याने आलेल्याने आदेश काढला तर तो कमकुवत राहतो.

एमपीएससी_दादर

ताई एक शंका, राज्यमंत्रीच नसेल तर? म्हणजे शिंदे सरकारमध्ये एकही राज्यमंत्री नव्हता ना?

लोकल_पंडित

बरोबर, एकही नव्हता. ३० जून २०२२ ला शिंदे-फडणवीस दोघांचाच शपथविधी, मग ९ ऑगस्टला १८ जण, सगळे कॅबिनेट. जुलै २०२३ ला अजित पवार आणि आठ जण आले, तेही सगळे कॅबिनेट. पुढे विस्तार होणार होणार म्हणत निवडणूक आली. सव्वादोन वर्षांपेक्षा जास्त काळ राज्यमंत्र्याशिवाय राज्य चाललं.

आणि कोणाला फरक जाणवला का? खरं सांगा.

वकीलताई_फोर्ट

आम्हाला जाणवला. ते दोघांचंच सरकार होतं त्या जुलै महिन्यात सुनावण्या तशाच पडून राहिल्या, कारण ऐकणारा मंत्रीच नाही. मग ऑगस्टच्या सुरुवातीला अर्धन्यायिक प्रकरणांचे अधिकार सचिवांना दिले, त्यावर विरोधकांनी टीका केली की आता मंत्रालयाचं सचिवालय झालं, सरकारने सांगितलं की फक्त सुनावण्यांपुरतंच आहे. पक्षकाराच्या बाजूने बघितलं तर त्याला एवढंच हवं असतं की कोणीतरी ऐकावं.

नंतर कॅबिनेट मंत्री आले तरी राज्यमंत्री नसल्यामुळे सगळ्या तारखा एकाच मंत्र्याच्या बोर्डावर, म्हणजे सुनावण्यांच्या यादीवर. अधिवेशन लागलं की बोर्ड रद्द, कॅबिनेट लागली की बोर्ड रद्द. म्हणून मी तरी राज्यमंत्री हे पद बिनकामाचं आहे असं म्हणणार नाही.

निवृत्त_कक्षअधिकारी

सभागृहाचं काम राहिलं सांगायचं. दोन सभागृहं एकाच वेळी चालू असतात, मंत्री एका वेळी एकाच ठिकाणी असणार. तेव्हा परिषदेत लक्षवेधीला, तारांकित प्रश्नाला राज्यमंत्री उभा राहतो. अर्थसंकल्प बघा, मार्च २०२५ मध्ये अजित पवार विधानसभेत वाचत होते तेव्हाच परिषदेत अर्थराज्यमंत्री आशिष जयस्वाल वाचत होते. लोकांना टीव्हीवर एकच दिसतो.

यातला खरा कस वेगळा आहे. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं, ते कोणीही वाचेल. पण उपप्रश्न आला की अधिकारी गॅलरीतून चिठ्ठ्या पाठवतात आणि त्या चिठ्ठीवरून बोलताना राज्यमंत्र्याने 'चौकशी करू' म्हटलं, 'निलंबित करू' म्हटलं, की ते सभागृहात दिलेलं आश्वासन होतं. आश्वासन समिती त्याचा हिशोब मागते. आणि फाईल मात्र मंत्र्यांकडे! मी असे राज्यमंत्री पाहिलेत की ज्यांनी सभागृहात जोरात घोषणा केली आणि नंतर स्वतःच्याच खात्याच्या मंत्र्याकडे जाऊन विनवण्या केल्या की माझी अब्रू राखा. हुशार असायचे ते 'मंत्रिमहोदयांशी चर्चा करून निर्णय घेऊ' यापलीकडे जात नसत, मग सदस्य ओरडायचे की कॅबिनेट मंत्र्यांना बोलवा, लक्षवेधी राखून ठेवा.

मुख्यमंत्र्यांकडे असलेल्या खात्यांचे राज्यमंत्री जरा सुखी. गृह खातं मुख्यमंत्र्यांकडे, त्यांना प्रत्येक गोष्टीला वेळ कुठून मिळणार. शस्त्र परवान्यांची अपिलं तिथे राज्यमंत्री ऐकतात. पण सुख म्हणजे जोखीम पण आहे, २०२५ मध्ये पुण्यातल्या एका शस्त्र परवान्याच्या अपिलावरून गृहराज्यमंत्र्यांवर केवढी टीका झाली आठवत असेल. सही आपली तर उत्तरही आपल्यालाच द्यावं लागतं.

डोंबिवली_फास्ट

उशिरा आलोय. केंद्रात पण हेच असतं का? तिकडे 'स्वतंत्र प्रभार' असतो तो काय प्रकार?

लोकल_पंडित

केंद्रात तीन थर. कॅबिनेट, स्वतंत्र प्रभार, आणि साधे राज्यमंत्री. स्वतंत्र प्रभार म्हणजे त्या खात्याला वर कॅबिनेट मंत्रीच नसतो, थेट पंतप्रधानांना रिपोर्ट, पण कॅबिनेटच्या बैठकीत कायमची खुर्ची नाही. जून २०२४ ला पंतप्रधान सोडून ७१ जणांनी शपथ घेतली, ३० कॅबिनेट, ५ स्वतंत्र प्रभार, ३६ राज्यमंत्री. आपले प्रतापराव जाधव स्वतंत्र प्रभार, आयुष खातं. रामदास आठवले, रक्षा खडसे, मुरलीधर मोहोळ राज्यमंत्री.

आणि या थरांची किंमत कळायला त्याच शपथविधीचा किस्सा पुरे. अजितदादांच्या राष्ट्रवादीला स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रीपद देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही, कारण प्रफुल्ल पटेल आधी कॅबिनेट मंत्री राहिलेले. थांबू पण खालचं नको. तुमचे खजिनदार त्याच विचारांचे दिसतात.

बाकी राज्यमंत्रीपद म्हणजे शेवट नसतो हेही खरं. शरद पवार १९७२ ला राज्यमंत्रीच होते, विलासराव पण राज्यमंत्री म्हणूनच सुरू झाले, अजितदादाही नव्वदीच्या सुरुवातीला राज्यमंत्री. खातं शिकायला मिळतं. जो शिकतो त्याला.

परळचा_पक्या

जो शिकत नाही तो पालकमंत्री होतो 😜

लोकल_पंडित

चुकतोयस पक्या, राज्यमंत्र्याला जिल्हा मिळाला तर तीच खरी ताकद. मंत्रालयात फाईल येवो न येवो, पालकमंत्री झाला की जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष, कलेक्टर-एसपी बैठकीला समोर बसलेले. सतेज पाटील राज्यमंत्री असताना कोल्हापूरचे पालकमंत्री होते, बच्चू कडू अकोल्याचे. आत्ता भोयरांकडे वर्धा, बोर्डीकरांकडे परभणी आली. मिसाळांना कोल्हापूरचं सहपालकमंत्री केलं आणि जयस्वालांना गडचिरोलीचं. गडचिरोलीचे पालकमंत्री स्वतः मुख्यमंत्री, त्यामुळे रोजचं बघायला सहपालकमंत्रीच.

चारकोप_सचिव

सगळ्यांचे आभार, आज संध्याकाळी कमिटी आहे, काकांची आणि ताईंची पोस्ट प्रिंट काढून नेतोय. दोनच शंका उरल्या. तो कामवाटपाचा आदेश आम्हाला बघायला मिळतो का? आणि समोरच्या पार्टीने स्थगिती मागितली तर? आम्ही अजून सभासदत्वाची पुढची प्रोसेस केलेली नाही.

निवृत्त_कक्षअधिकारी

आदेश गोपनीय वगैरे काही नसतो. खात्याच्या कार्यासनाला (तो विषय बघणाऱ्या शाखेला) लेखी मागा, नाही दिला तर माहिती अधिकारात अर्ज करा. पण मुद्दाम शंका काढायला मागू नका, नोटीस खात्याच्या कार्यासनातून रीतसर निघालीय ना, विषय क्रमांक आहे ना, एवढं बघा. शेवटी जो आदेश येईल त्यातही बघा की राज्यमंत्र्यांनी कारणं लिहिलीत का, नुसतं 'अर्ज फेटाळला' पुरत नाही.

मंत्रालयात जायचं तर डिजीप्रवेश ॲपवर आधी नोंदणी करा, नोटीस आणि ओळखपत्र हातात ठेवा. अभ्यागतांची रांग गार्डन गेटला असते, सुनावणीच्या वेळेच्या बरंच आधी पोचा.

वकीलताई_फोर्ट

स्थगिती मागतीलच, बहुतेक पहिल्याच तारखेला. त्यासाठी तुमचं म्हणणं लेखी तयार ठेवा की दोन्ही खालच्या आदेशांची कारणं काय होती आणि स्थगिती दिली तर सोसायटीचं काय अडतं. तोंडी बोलून येऊ नका. स्थगिती दिली तरी ती अंतिम निकाल नसते, घाबरायचं कारण नाही, फक्त प्रकरण पडून राहू नये म्हणून पुढची तारीख त्याच दिवशी मागून घ्या.

आणि आज कमिटी आहे तर एक काम नक्की करा. सुनावणीला सोसायटीच्या वतीने कोण हजर राहणार, वकील लावायचा की नाही, याचा ठराव आजच करा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत सोबत न्या.

चारकोप_सचिव

ठराव टाकतो आजच्या विषयपत्रिकेवर. सूचक खजिनदार.

परळचा_पक्या

आणि अनुमोदक?

चारकोप_सचिव

अध्यक्ष. दोघांची एकाच कागदावर सही घ्यायचा हा एकच चान्स आहे.